परात्मता आणि घराचा जमाखर्च

मराठी कादंबरीच्या इतिहासात १९६० नंतरच्या दोन दशकांविषयी लिहिताना 'अस्तित्ववाद' ही संज्ञा टाळणे समीक्षकाला जवळजवळ अशक्य झाले आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' १९६५ मध्ये, चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ मध्ये, किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ मध्ये आणि विलास सारंगांचा 'सोलेदाद' हा कथासंग्रह १९७५ मध्ये. प्रकृतीने एकमेकांपासून अतिशय दूर असलेल्या या कृतींना एका सूत्रात ओवण्यासाठी आपल्याकडे जे विवेचन रूढ झाले ते साधारणतः असे : दोन महायुद्धांनी मूल्यव्यवस्था खिळखिळी केली, यंत्रसंस्कृतीने माणसाला सुटा भाग बनविले, ईश्वराचे अधिष्ठान गेले, महानगरात माणूस एकाकी झाला, आणि या सर्वांतून निर्माण झालेली परात्मतेची जाणीव पाश्चात्त्य साहित्याच्या वाचनातून व लघुअनियतकालिकांच्या चळवळीतून मराठीत आली. पदव्युत्तर वर्गांच्या वह्यांतून हे विवेचन इतक्या वेळा उतरविले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

त्यातील बहुतेक विधाने आपापल्या जागी चूक नाहीत. परंतु 'कोसला'तील सांगवीवर कोणते महायुद्ध कोसळले होते? तिचा नायक महानगरात राहत नाही. तो खानदेशातील एका सधन शेतकऱ्याचा मुलगा आहे, पुण्याच्या वसतिगृहात राहतो, शिक्षण अर्धवट टाकतो आणि अखेर गावीच परततो. त्याच्या तुटलेपणाचे मूळ शोधताना आपली समीक्षा ईश्वरापर्यंत आणि विश्वाच्या निरर्थकतेपर्यंत जाऊन पोहोचली; वाटेत लागणारे घर मात्र तिने ओलांडले. प्रस्तुत लेखाचा विषय ते घर हा आहे. मराठीतील अस्तित्ववादी म्हटल्या जाणाऱ्या कथात्म साहित्यात परात्मतेचा उगम बव्हंशी कुटुंबाच्या आर्थिक व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार न वाचल्यामुळे आपण या परंपरेचा आरंभही चुकीच्या ठिकाणी धरला आहे, असे मला वाटते.

आधी संज्ञेविषयी थोडेसे. 'परात्मता' हा शब्द आपण एकाच वेळी दोन घराण्यांच्या कल्पनांसाठी वापरतो. मार्क्सची १८४४ मधील हस्तलिखिते १९३२ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. त्यांतील परात्मता श्रमाशी बांधलेली आहे. माणूस जे निर्माण करतो ते त्याच्या हातून निघून जाते, परक्याचे होते आणि त्याच्यावरच सत्ता गाजवू लागते. सार्त्र आणि कामू यांच्याकडील तुटलेपण जाणिवेच्या पातळीवरचे आहे; तेथे जग मुके असते आणि अर्थ मागणारा माणूस एकटा असतो. मराठी समीक्षेने शब्द पहिल्या घराण्यातून उचलला आणि आशय दुसऱ्या घराण्यातला भरला. या अदलाबदलीत श्रम गळाला. श्रमाबरोबर तो श्रम कोणासाठी होतो, त्यावर कोण जगते आणि श्रम थांबला की काय होते, हे सारे प्रश्नही गळाले. ते प्रश्न घरातच विचारले जातात.

ज्या पाश्चात्त्य कृतींचे दाखले आपण देत आलो त्यांत हे प्रश्न नाहीत, असे मुळीच नाही. काफ्का हा सार्त्रच्या अर्थाने अस्तित्ववादी नव्हे. तो १९२४ मध्ये वारला आणि या वादाची पताका पुढे वीस वर्षांनी फडकली. तरीही अस्तित्ववादी कथनाचा आद्य नमुना म्हणून १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'मेटॅमॉर्फसिस'चाच उल्लेख होतो. ग्रेगॉर सॅम्सा सकाळी उठतो तो किडा होऊन, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या किड्याच्या प्रतीकावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. पण काफ्काने त्याच कथेत मांडलेला घरचा हिशेब पाहावा. ग्रेगॉर कापडाच्या पेढीचा फिरता विक्रेता आहे. ही नोकरी त्याला नको आहे, तरी तो ती सोडू शकत नाही, कारण आईवडिलांनी त्याच्या मालकाकडून कर्ज घेतलेले आहे. ते फिटायला अजून पाच-सहा वर्षे लागतील, असा त्याचा अंदाज आहे. घरात कमावता तो एकटाच. वडील धंदा बुडाल्यापासून बसून आहेत, आई दमेकरी आहे, बहीण लहान आहे आणि तिला संगीतशाळेत पाठविण्याचे त्याच्या मनात आहे.

तो किडा झाल्यावर बंद दाराआडून त्याला एक गोष्ट कळते. वडिलांनी बुडालेल्या धंद्यातून थोडी रक्कम वाचवून ठेवली होती आणि ग्रेगॉर दरमहा घरात देत असलेल्या पैशांतूनही काही शिल्लक टाकली होती. तो पैसा कर्जात भरला असता तर त्याची सुटका लवकर झाली असती. हे त्याच्या लक्षात येते, आणि तरीही वडिलांनी केले ते बरेच झाले असे तो स्वतःला समजावतो. माझ्या मते कथेतील सर्वांत भयंकर जागा ही आहे. पाठीत रुतलेले सफरचंद नंतर येते. ग्रेगॉर बिनकामाचा ठरताच बसून राहिलेले वडील बँकेत शिपायाची नोकरी धरतात, आई शिवणकाम करते, बहीण दुकानात लागते, भाडेकरू ठेवले जातात. म्हणजे हे सारे आधीही शक्य होते. शेवटी बहीणच म्हणते की याला घालवलेच पाहिजे. तो मेल्यावर तिघे ट्रामने गावाबाहेर फिरायला जातात, आपापल्या नोकऱ्यांचा हिशेब मांडतात आणि मुलगी लग्नाला आली, हे आईबापांच्या एकदमच ध्यानात येते. एक कमावते शरीर संपले, आता दुसरे तयार झाले आहे.

कामूच्या १९४२ मधील 'द आउटसायडर'विषयी असेच म्हणता येते. म्यूर्सो आईच्या अंत्यविधीला रडला नाही, याचा जगभर बोलबाला झाला. आईला वृद्धाश्रमात का ठेवले, या न्यायाधीशाच्या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर सहसा कोणी ध्यानात ठेवत नाही : तिची देखभाल करण्याइतका पैसा त्याच्याजवळ नव्हता. खटला खुनाचा असतो. आरोपी मात्र कुटुंबधर्म मोडणारा म्हणून दोषी ठरतो. याच कादंबरीत तुरुंगातील कोठडीत त्याला वर्तमानपत्राचा एक जुना तुकडा सापडतो. परदेशी जाऊन श्रीमंत झालेला मुलगा ओळख न देता आईबहिणीच्या खाणावळीत उतरतो आणि पैशासाठी त्या दोघी त्याला ठार मारतात, ही ती बातमी. याच कथानकावर कामूने १९४४ मध्ये स्वतंत्र नाटकही लिहिले. घर आणि पैसा यांची गाठ त्याला किती अस्वस्थ करीत होती, हे यावरून दिसावे.

याउलट सार्त्रच्या 'नॉशिया'चा (१९३८) नायक रोकांतँ स्वतःच्या ठेवीच्या उत्पन्नावर जगतो. त्याला ना आईबाप, ना बायको, ना नोकरी. झाडाच्या मुळाकडे पाहून त्याला अस्तित्वाची किळस येते ती या निवांतपणात. हा आक्षेप नव्हे. पण आपल्या अभ्यासक्रमांनी अस्तित्ववादाची जी सार्वत्रिक व्याख्या घेतली ती प्रामुख्याने या बिनघरच्या माणसाची होती, हे नोंदवून ठेवावयास हवे.

आता 'कोसला'. सॅम्सा आणि पांडुरंग सांगवीकर यांच्यामधला मूलभूत फरक असा की सॅम्सा घराला पोसतो, तर पांडुरंगला घर पोसते. तो खाणारा आहे. वसतिगृह, मेस, मित्रांवरील उधळपट्टी, नापास होणे, हे सारे वडिलांच्या पैशावर चालते, आणि आपण त्या पैशाचा किती चुराडा केला याचे भान निवेदकाला पुरेपूर आहे. वडील त्याच्याकडे गुंतवणूक म्हणून पाहतात, म्हणून तो त्यांचा द्वेष करतो. पण गुंतवणूक थांबावी असे काही त्याच्या हातून घडत नाही. आपल्या भाषेत 'अर्थ' हा शब्द जीवनाचे प्रयोजनही सांगतो आणि पैसाही. पांडुरंग पहिला अर्थ शोधत असतो, वडील दुसऱ्याचा जाब विचारत असतात, आणि 'कोसला'तील बापलेकांच्या संघर्षाची सारी विनोदी व कडवट ऊर्जा एकाच शब्दाच्या या दोन टोकांमध्ये खेळते. 'स्वार्थ' या शब्दातही तो अर्थ आहेच. वडील स्वार्थी आहेत असे मुलाला वाटते. मुलगा स्वार्थी आहे असे घराला वाटते. दोघांचेही बरोबर आहे, हे नेमाड्यांना दिसले.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट जोडावीशी वाटते, जी साहित्यसमीक्षेच्या बाहेरची मानली जाते. बंगाल वगळता बहुतेक हिंदू समाजाप्रमाणे महाराष्ट्रातही वारशाचा व्यवहार 'मिताक्षरे'नुसार चालत आला. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या सीमेला लागून आहे. 'मिताक्षरे'चा सिद्धांत असा की वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालातील 'दायभागा'प्रमाणे त्याला बापाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेही ही सहदायकी मोडली नाही. सार्त्रने १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सारतत्त्वाच्या आधी अस्तित्व असते असे सांगितले. सांगवीकराच्या बाबतीत अस्तित्वाबरोबरच सातबाराही जन्माला येतो! तो स्वतःला कितीही फेकला गेलेला समजो, फेकला गेला तरी तो स्वतःच्या वाट्याच्या जमिनीवरच पडणार. गावी परतल्यावरच्या त्याच्या उदासीनतेची जातकुळी रोकांतँच्या किळसेहून वेगळी वाटते, ती यामुळे. ज्याला बाहेर पडता येत नाही अशा भागीदाराची ती उदासीनता आहे. 'कोसला' म्हणजे कोश. तो कोश कशाचा विणलेला आहे, या प्रश्नाचे एक उत्तर महसूल दफ्तरातही सापडते.

आणि याच ठिकाणी मनी येते. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचे प्रकरण हे मराठी गद्यातील शोकाच्या थोड्या श्रेष्ठ प्रकरणांपैकी आहे, यावर दुमत नाही. परंतु म्यूर्सोच्या शेजारी पांडुरंगला बसविणाऱ्या वाचनाची खरी अडचण हे प्रकरण आहे. म्यूर्सो रडत नाही. पांडुरंगचा शोक आवरत नाही. तो अलिप्त नाही, त्याला घर नको आहे असेही नाही. घरातल्या एका माणसावर त्याचे निरपेक्ष प्रेम आहे, आणि ते माणूस नेमके असे आहे की ज्याच्या नावावर घराने काहीच गुंतवलेले नाही. मनीला जन्माने मिळणारा वाटा नव्हता. घराच्या खातेवहीत मुलगी ही पुढेमागे व्हायच्या खर्चाची बाब. म्हणूनच तिच्याशी असलेले नाते हे कादंबरीतील एकमेव बिनहिशेबी नाते ठरते, आणि ती गेल्यावर पांडुरंगजवळ घरात उभे राहायला जागा उरत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील प्रकरण ज्यांनी केवळ बौद्ध वैराग्याच्या अंगाने वाचले त्यांनी ते मनीच्या मृत्यूनंतर आहे, हे विसरू नये. बाबा भांड यांनी संपादित केलेल्या 'कोसलाबद्दल'सारख्या ग्रंथातून या कादंबरीची चर्चा नाना अंगांनी झाली आहे. पुढे नेमाडे देशीवादाकडे गेले, १९९० मधील 'टीकास्वयंवर'ने ती चर्चा आणखी वेगळ्या वाटेला लावली, आणि अस्तित्ववादी की देशी, असा एक वाद उभा राहिला. पांडुरंगच्या घरातला पैसा वाचला तर या वादातील पुष्कळ आवेश ओसरेल, असे मला वाटते.

मुंबईच्या लेखकांविषयी येथे फार विस्तार करीत नाही. 'वासूनाक्या'वर १९६५ नंतर अश्लीलतेचे जे काहूर उठले त्यात नाका या स्थळाकडे दुर्लक्ष झाले. चाळीच्या खोलीत तरुण मुलाला झोपायलाही धड जागा नसते. खोलीने ओतून दिलेली मुले नाक्यावर साचतात. घराने त्यांना टाकलेले नाही आणि ठेवलेलेही नाही. विलास सारंगांच्या कथेत घर बहुधा नसतेच. त्यांची माणसे नात्यांवाचून, एखाद्या समीकरणातील चिन्हांसारखी वावरतात, म्हणून त्यांची परात्मता सर्वांत स्वच्छ, सर्वांत रोकांतँच्या जवळची आहे. सारंगांइतका सातत्याने अस्तित्ववादी लेखक मराठीत दुसरा नाही आणि त्यांना वाचकही तितकेच थोडे लाभले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असावा. खानोलकरांच्या कोकणात घराची जागा नियती घेते. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

मी हे जेथून लिहितो आहे त्या स्थळाचा या वाचनाशी संबंध आहे, म्हणून त्याविषयी सांगणे भाग आहे. चौसाळा हे बीड तालुक्यातील, बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरचे बाजाराचे गाव. भोवती बालाघाटच्या रांगा, हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस. दसरा-दिवाळीनंतर या परिसरातील वाड्या-तांडे ओस पडू लागतात. माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या उसाला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या पैशाला उचल म्हणतात. ती नवराबायकोच्या जोडीवर मिळते, आणि त्या जोडीला म्हणतात 'कोयता'. एक कोयता म्हणजे दोन माणसे. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या अंगावर चढते, बाप खचला तर मुलाच्या. माणसाची मोजणी हत्याराने करणारा आणि एकट्या माणसाला अपूर्णांक ठरविणारा हा शब्दप्रयोग परात्मतेच्या कोणत्याही पारिभाषिक कोशात नाही. मार्क्सच्या हस्तलिखितांतील तो सबंध परिच्छेद समजावून देण्यासाठी मला हा एक शब्द पुरतो.

अशा घरांतील मुले-मुली पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांत येऊन बसतात. आईवडील फडावर असताना आजीजवळ राहून यांतील अनेकांनी शाळा केलेली असते. त्यांच्यापुढे काफ्का शिकविताना मी प्रथम किड्याच्या प्रतीकाची तयारी करून जात असे. त्यांना प्रतीकाची अडचण कधी पडली नाही. ग्रेगॉरच्या मालकाचे कर्ज मात्र त्यांनी पहिल्या वाचनातच पकडले. आईबापांनी उचल घेतली आहे आणि पोरगा ती फेडतो आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. किडा झाल्यानंतरही ग्रेगॉरची पहिली चिंता पाच वाजताची गाडी चुकल्याची असते, यात त्यांना विसंगती वाटत नाही. उलट 'कोसला'शी त्यांचे नाते अवघडलेले असते. त्यांना ती आवडते, हसवते, मनीच्या प्रकरणाशी वर्ग शांत होतो. पण नापास होण्याची चैन पांडुरंगला परवडते, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नाही. एवढा पैसा बुडवून परत गावात यायला घर शिल्लक असणे, हे त्यांना परात्मतेचे लक्षण वाटत नाही. या प्रतिक्रियेला अडाणी ठरविणे सोपे आहे. मला ती समीक्षा वाटते. वाचक कोठे उभा आहे यावर शोकांतिकेचा नायक बदलतो, आणि येथून पाहिले तर आपल्या परंपरेत खाणाऱ्यापेक्षा खाल्ला जाणारा शोधावा लागतो. मराठीतील सॅम्सा कोण, असा प्रश्न विचारावा लागतो.

त्याचे उत्तर शोधत मी १९६० च्या मागे गेलो आणि थांबलो तो १९३३ पाशी. त्या वर्षी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. शिकलेल्या, अविवाहित, नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे मन त्यांत प्रथमच इतक्या उघडपणे आले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही लेखिका कोण, याचा शोध घेण्यात लोकांनी बराच उत्साह खर्च केला. साहित्येतिहासाने या संग्रहाला स्त्रीवादी जाणिवेचा आरंभ म्हणून मान दिला आणि त्या कप्प्यात तो बंद केला. यातील एका कथेचे शीर्षकच पाहावे : 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' कमावत्या मुलीचा पगार घराला लागतो. लहान भावंडे आहेत, त्यांची शिक्षणे आहेत. तिचे लग्न झाले तर पगार दुसऱ्या घरी जाणार. कोणी दुष्ट नाही, कोणी तिला कोंडून ठेवीत नाही; सर्वांचे तिच्यावर प्रेम आहे, आणि त्या प्रेमाला तिच्या पगाराची सवय झाली आहे. काफ्काच्या कथेनंतर अवघ्या अठरा वर्षांनी, बहुधा तिची वार्ताही नसताना, मराठीत सॅम्सा अवतरला तो मुलीच्या रूपाने. किड्यावाचूनच.

'माझा' आणि 'बाबांचा' या दोन षष्ठ्यंत शब्दांत जे अंतर आहे तीच परात्मता. मार्क्सच्या अर्थाने ती परात्मता आहेच, कारण तिच्या श्रमातून उभा राहणारा संसार तिचा नाही. पण अस्तित्ववाद्यांच्या अर्थानेही ती आहे, कारण निवड तिलाच करावयाची आहे आणि प्रत्येक निवडीत तिलाच अपराधी वाटणार आहे. घर सोडले तर ती स्वार्थी. राहिली तर स्वतःपुरती संपली. सार्त्रने आत्मवंचना म्हणून जे सांगितले, म्हणजे माणसाने आपण स्वतंत्र नाही असे स्वतःलाच पटवून देणे, त्याचे दर्शन येथे घरगुती बोलण्यातून घडते : आईला बरे नाही, धाकट्याची परीक्षा झाली की बघू, पुढच्या वर्षी. ग्रेगॉरही बंद दाराआड हेच करीत होता. शिरूरकरांच्या गद्याला नेमाड्यांची झेप नाही, ते जागोजागी वाद घालू लागते, आणि त्यांतील काही कथा आज कोमेजल्या आहेत. तरी कुटुंबाचा स्वार्थ प्रेमाच्या भाषेत बोलतो, हा शोध प्रथम त्यांनी लावला. त्याचे श्रेय 'अस्तित्ववादी' म्हणविणाऱ्या पिढीने घेतले नाही, तसे समीक्षेने शिरूरकरांनाही दिले नाही. तो तत्त्वज्ञानाचा विषय नसून स्त्रियांचा प्रश्न आहे, अशी वाटणी आपण करून टाकली होती.

ही वाटणी पुढेही चालू राहिली. कमल देसाई यांचे 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' एकत्रित १९७५ मध्ये आले. त्यांना अस्तित्ववादी म्हणताना समीक्षक थोडे चाचरले, जणू ती पदवी पुरुषांसाठी राखून ठेवलेली होती. दलित आत्मकथनांच्या वेळी तर चाचरणेही झाले नाही, प्रश्नच कोणी उपस्थित केला नाही. दया पवार यांच्या १९७८ मधील 'बलुतं'चा निवेदक आपल्याच दुसऱ्या रूपाशी बोलतो. शिकून शहरात आलेला मी आणि मागे राहिलेला दगडू. दुभंगलेल्या अस्मितेचे यापेक्षा स्पष्ट रूप कोठे पाहावे? लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले. कामूच्या कादंबरीच्या शीर्षकाला मराठी प्रतिशब्द शोधायला सांगितले तर पहिल्यांदा हाच शब्द सुचेल. पण म्यूर्सो तत्त्वतः उपरा आणि माने समाजशास्त्रीयदृष्ट्या उपरे, असा भेद आपण न बोलता पाळला. कैकाडी समाजातल्या मुलाने शिकावे, आंतरजातीय विवाह करावा आणि त्यामुळे स्वतःच्या जातपंचायतीलाही परके व्हावे, यात अस्तित्वाचा प्रश्न नाही असे कोण म्हणेल? येथे कुटुंबाचा स्वार्थ जातीच्या स्वार्थात मिसळलेला आहे आणि त्याला प्रेमाची भाषाही वापरावी लागत नाही.

श्याम मनोहर हे या बाबतीत वेगळे लेखक. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव' (१९८३) पासून त्यांनी मध्यमवर्गीय घराकडे प्रयोगशाळेत पाहावे तसे पाहिले. 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००६) या, साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या कादंबरीत तर कुटुंब हाच चिंतनाचा विषय होतो. घर ज्ञानाला जागा देते का, घरात माणूस विचार करू शकतो का, असे प्रश्न ते विचारतात. पांडुरंगचे घर त्याला पैशाचा जाब विचारीत होते. मनोहरांच्या घरात जाब विचारण्याइतकेही कुतूहल शिल्लक नाही. सुखवस्तू झाल्यानंतरच्या कुटुंबाची ही परात्मता आहे, आणि ती खरी आहे. फक्त तिच्यात मुलीचा पगार आणि उचल या दोन्ही गोष्टी मागे पडतात.

दरम्यान मनीच्या खात्यात काही बदल झाले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायक मानले, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क देशभर आणि विवाहितेलाही दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याबाबतचे उरलेसुरले संशय दूर केले. विज्ञानेश्वराचा मुलापुरता सिद्धांत नऊशे वर्षांनी मुलीपर्यंत पोहोचला. त्याबरोबर आमच्या भागात एका दस्तऐवजाचे महत्त्व वाढले : हक्कसोडपत्र. वडील गेल्यानंतर वर्षभरात बहिणींना बोलावले जाते. जेवण होते, साडीचोळी होते, भाऊ गाडी करतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहीण आपला वाटा भावाच्या नावे सोडते. तिच्यावर जुलूम होतो असे म्हणावे तर ती स्वखुशीने आलेली असते. वाटा घेतला तर माहेर तुटेल, दिवाळीला न्यायला कोणी येणार नाही, सासरी काही झाले तर परतायला दार राहणार नाही, हे तिला ठाऊक असते. भाऊही वाईट नसतो. त्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते. तलाठ्याकडे फेरफार नोंदला जातो आणि सातबाऱ्यावरचे तिचे नाव कमी होते. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलींपैकी कित्येकींच्या आया अशी सही करून आलेल्या आहेत. अजिंठ्याच्या प्रकरणावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना त्यांतील एकीने मनी जगली असती तर तिनेही सही केली असती का, असे समासात लिहिले होते. अभ्यासक्रमात त्याला गुण देण्याची सोय नव्हती.